रंगमंचाकडे पाठ करून बसणारे काका

तिसरी घंटा झाली की ते आपली खुर्ची उचलायचे, फिरवायचे आणि रंगमंचाकडे पाठ करून बसायचे. तोंड प्रेक्षकांकडे. लोक आपल्याकडे बघताहेत असं दिसलं की हात जरासा वर करून म्हणायचे, “चालू द्या. माझ्याकडे बघू नका.”

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये नवा आलेला माणूस हमखास त्यांना सावध करायला जायचा. रामलीलेच्या मैदानावर एका स्वयंसेवकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “भाईसाब, मंच उधर है.”

“मालूम है भैया. चलने दो.”

आम्ही टाउनशिपमधले नव्हतो. तिच्या भिंतीबाहेर, सोनागिरी नावाच्या वस्तीत, आमची भाड्याची एक खोली होती. बाबा ठेकेदाराकडे मजूर. सकाळी कारखान्याच्या फाटकावर उभं राहायचं. नाव पुकारलं तर आत, नाहीतर परत घरी. ते लवकर परत आले की आई काही विचारायची नाही. कणीक भिजवताना मूठभर कमी घ्यायची, एवढंच. ती काकांच्या क्वार्टरमध्ये पोळ्या करायला जायची आणि मी तिच्या मागे मागे, कारण तिथे पंखा होता आणि पुस्तक ठेवायला टेबल. हे मी लाजून सांगत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजचं फाटक ओलांडणारी मी पहिली, आणि त्या फाटकाची वाट त्या टेबलावरून गेली.

काका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. “दिवसभर माल तपासतात आणि संध्याकाळी माणसं,” काकू म्हणायच्या. “नाटकात काय झालं ते ह्यांना विचारू नका हो. बघणाऱ्यांचं काय झालं, ते सांगतील.”

आणि ते सांगायचे. टाउनशिप म्हणजे साऱ्या देशातून नोकरीला आलेली माणसं. प्रत्येकाने येताना भांड्याकुंड्यांबरोबर आपापलं नाटकही आणलेलं. गणपतीत मराठी मंडळाचं तीन अंकी, दसऱ्याला हिंदीभाषकांची रामलीला, मल्याळी लोकांचं कथकळी, बंगाल्यांची जात्रा, म्हणजे त्यांचं उघड्यावरचं नाटक. काका एकही चुकवायचे नाहीत. आई पोळ्या लाटत असायची आणि ते स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभे.

“आपण मराठी लोक नाटक कानाने बघतो,” ते मला म्हणायचे. “वाक्य झालं की टाळी. शेजारी कोणी कुजबुजलं तर अख्खी रांग वळून डोळे वटारते. रामलीलेत उलटं. गोष्ट सगळ्यांना पाठ, पुढे काय होणार ही काळजीच नाही. शेंगदाणे खातात, गप्पा मारतात आणि नेमक्या जागी हात जोडतात. परवा ज्या वेल्डरला आमच्या फोरमनने झापलं, काल त्याच्याच पाया पडला फोरमन. रामाचा मुकुट होता ना डोक्यावर!”

“आणि मल्याळी?”

“लहान पोरं झोपतात. म्हातारे पापणी हलवत नाहीत.”

एकदा त्यांनी कुठेसं वाचलेलं सांगितलं. हजारो वर्षांपूर्वी ग्रीक लोक टेकडीच्या उतारावर अर्धगोल बसून नाटकं बघत. तेही दिवसा.

“उन्हात, पोरी, उन्हात! म्हणजे एक रडला तर पलीकडच्याला स्वच्छ दिसणार. सगळं गाव एकमेकांचं रडणं बघतंय. आपण काय केलं? हॉल बांधला, दिवे घालवले, आणि कोण रडलं ते कोणालाच कळेना.”

“आणि आपले जुने संस्कृतवाले?”

“ते शहाणे. शेवट गोड करायचे. बघणाऱ्याला घरी जायचं असतं, हे त्यांच्या ध्यानात होतं.”

आईने पोळी उलटली आणि खाली मान घालून म्हणाली, “साहेब, पण रडून घरी गेलं की झोप चांगली लागते.”

काकांनी कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, “हेही आहे.”

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. मराठी असे, बंगाली तसे, हे खुशाल बोलायचे. पण अमक्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं, हे कधीच नाही. एक इंजिनिअर एकदा घरी येऊन बसले. “दुसऱ्या अंकात आमच्या सौभाग्यवती रडत होत्या म्हणे. कुठल्या वाक्याला, सांगा ना.” काका म्हणाले, “समाजाबद्दल काय हवं ते विचारा. माणसाबद्दल मी बोलत नाही. तोंड ज्याचं त्याचं.” आणि त्यांना चकली दिली.

त्या गप्पांचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. मी बी.ए. झाले आणि बाहेरगावच्या विद्यापीठात नाटकाच्या एम.ए.ला माझी निवड झाली. निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या काळांची नाटकं शेजारी ठेवून शिकायची. राहायला वसतिगृह, वर शिष्यवृत्ती. घरी सांगितलं तर बाबा जेवताना थांबले.

बाबा अमरावतीकडचे. बोली त्यांनी कधी सोडली नाही. “बी.ए. झाली नं तू? बस झालं. गोविंदपुऱ्यात एका फॅक्टरीत टायपिस्ट पायजे, मी शब्द टाकला आहे. नाटक शिकून काय करशीन? नाचशीन?”

मी रडले, भांडले, उपाशी राहिले. बाबा नाही म्हणजे नाही. प्रवेश घ्यायचा दिवस जवळ येत होता. मी काकांकडे गेले. “तुम्ही समजवा त्यांना. तुमचं ऐकतील.”

“काय समजवू? मुलगी त्यांची आहे.” त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, “शनिवारी जात्रा आहे. कलकत्त्याची मंडळी येताहेत. तू बायकांच्या बाजूला, अगदी पुढे बस.”

मला त्यांचा राग आला. माझं काय चाललंय आणि हे नाटकाला बोलावताहेत.

पण गेले. मैदानाच्या मध्ये चौथरा, त्यावर चारी बाजूंनी दिवे, आणि चारी बाजूंना माणसं. जात्रा ही एकच जागा जिथे काकांना खुर्ची फिरवावी लागत नसे. “कुठेही बसलो तरी समोर माणसंच,” ते खुशीत म्हणायचे. मी सतरंजीवर पुढे बसले आणि गोष्ट सुरू झाल्यावर बाकी सगळं विसरले. मला बंगाली येत नव्हतं. एक म्हातारा नावाडी होता आणि त्याची मुलगी. नदीला पूर आलेला. तो तिला पैलतीरावर सोडतो आणि रिकामी नाव घेऊन परत येतो, एवढं कळलं.

त्या रात्री आणखी काय झालं, ते मला दोन दिवसांनी, जेवताना, बाबांच्या तोंडून समजलं.

“साहेब मले घेऊन गेले होते तिथं. म्हणे, भाऊ, मले बंगाली समजत नाही, सोबत चला. मले तरी कुठं समजते! बसलो बाजूले. मी त्या नावाड्याकडं पाहून राह्यलो होतो, तं म्हणे, भाऊ, मधातून पल्याड पहा.”

मी घास हातात धरून थांबले.

“पल्याड तू होती. तोंड उघडं, डोळ्यातून पानी, अन् तुले खबरच नाही. शेजारची बाई तुले पानी देऊन राह्यली होती, तं ते बी दिसलं नाही तुले.” बाबांनी वरण ओढून घेतलं. “मी म्हटलं, मले जे दिसत नाही ते हिले दिसून राह्यलं. असं तं टायपिंग करून नाही होनार.”

आई म्हणाली, “मग?”

“मग काय? त्या म्हाताऱ्यानं बी सोडलंच नं पोरीले पल्याड. जाय म्हना.”

मी धावत काकांकडे गेले. “काय सांगितलंत तुम्ही बाबांना?”

“काही नाही. माणसाबद्दल मी बोलत नाही, तुला माहीत आहे.”

“पण बाबा माझ्याकडे बघत होते तेव्हा तुम्ही बाबांकडे बघत असणार.”

“होय.”

“कसे दिसत होते?”

काकांनी हात जरासा वर केला. “चालू द्या,” म्हणाले.

टाउनशिपचा एक कायदा तुम्हाला ठाऊक असेल: नोकरी संपली की क्वार्टर संपलं. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना काका निवृत्त झाले. मुलाकडे निघाले होते, ट्रकने. मी सुट्टीत आलेली, म्हणून निरोपाला हजर होते. बंगाली, मल्याळी, हिंदीवाले, मराठी मंडळ, सगळे रस्त्यावर. बाबा पलंग चढवायला आलेले. काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि काकांना हाका मारू लागल्या. हे मागे, सामानात, आपली खुर्ची लावून बसलेले. तोंड आमच्याकडे.

“अहो, पुढे या ना! रस्ता इकडे आहे!”

“ठाऊक आहे. चालू द्या.”

ट्रक निघाला. मल्याळी म्हातारे पापणी न हलवता बघत होते, मराठी मंडळाने टाळ्या वाजवल्या, रामलीलेतल्या वेल्डरने हात जोडले आणि बंगाली बायका उघड्यावर, भर उन्हात रडल्या. वळणापर्यंत ते आम्हाला बघत राहिले. ते पुन्हा भेटले नाहीत.

मी एम.ए. झाले, पुढे पीएच.डी. केली. आज एका कॉलेजात नाटक शिकवते. बाबांनी सोनागिरीतल्या त्या खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी स्वतः ठोकली.