ज्याचा पंप त्याचा हात

लग्नकार्याला घरात चार माणसं जमली, जेवणं झाली, सुपारी कातरून झाली, की कुणीतरी म्हणतंच, "काका, ती रॉकेलच्या धोंड्याची गोष्ट होऊ द्या." मी आढेवेढे घेतो, पण फार वेळ घेत नाही. न जाणो, एखादा दुसराच विषय निघायचा. मग सांगतो. नवा जावई, धोंड्याच्या महिन्यातलं सासरचं जेवण, बोटांना घट्ट चिकटलेलं पंक्चरचं सोल्युशन, धाकट्या मेव्हणीनं रॉकेलच्या बोळ्यानं खसाखसा घासलेली माझी बोटं, आणि त्याच बोटांनी तुपात बुडवून खाल्लेला धोंडा. सासूबाई विचारतात, "गोड झालाय ना?" आणि जावई रॉकेलचा घास गिळून म्हणतो, "फक्कड." इथं सगळे हसतात. बायको पंचवीस वर्षं हसतेय.

गोष्ट खरी आहे. फक्त मी ती मधून सुरू करतो.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि तिकडं कुठं तरी लढाई चालली होती. आम्हाला लढाई दिसली ती रबरात. टायर मिळेना, ट्यूब मिळेना. जुन्या ट्यूबला ठिगळावर ठिगळ लावून लोक सायकली चालवत. पंप तर सोन्यासारखा जपायची वस्तू. त्याच्या आतलं कातडं तेलात मुरवून ठेवावं लागे, आणि नवख्या माणसानं दोन दांडगे हिसके दिले की ते दुमडायचं आणि पंप मरायचा. त्यामुळं भूम ते वाशी रस्त्यावर सायकलवाल्यांची एक रीत पडून गेली होती. रस्त्याकडेला कुणी सायकल उलटी करून बसलेला दिसला, की उतरायचं. जो पहिला उतरला, काम त्याचं. मागून येणाऱ्यानं विचारावं आणि पुढं जावं. आणि ज्याचा पंप त्याचा हात. पंपवाल्यानंच टायर खोलायचा, त्यानंच ठिगळ लावायचं, त्यानंच हवा भरायची. ज्याची सायकल त्यानं चाक धरायचं आणि गप बसायचं. मध्ये हात घालणं म्हणजे उतरलेल्या माणसाचा अपमान.

मला सायकल सासऱ्यांनी लग्नात दिली होती. नवी कोरी, दांडीला पंप, सीटखाली कातडी पिशवी, तिच्यात काचकागद, ठिगळाचं रबर आणि सोल्युशनची नळी. पंक्चर काढायला मी शिकलो होतो. म्हणजे दोनदा बघितलं होतं. तरी वर्षभरात एकदाही मला उलट्या सायकलीचा माणूस भेटला नव्हता आणि याचं मला मनातून वाईट वाटायचं. लोकांचं भलं करायची माझी फार इच्छा. त्यासाठी आधी कुणाचं तरी वाईट व्हायला हवं होतं, एवढंच.

तर धोंड्याचा महिना, ऊन असं की मुरूम पांढरा दिसत होता. बायको दोन दिवस आधी गाडीनं माहेरी गेलेली. मी धुतलेलं धोतर, कोट, टोपी अशा थाटात वाशीला निघालो होतो. भूम सोडून दोन कोस आलो, आणि बाभळीखाली उलटी सायकल. शेजारी पस्तिशीचा एक मुसलमान माणूस उभा. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मला बघून त्यानं हात वर केला नाही, पण त्याचा चेहरा उजळला. माझाही उजळला.

"काय झालं भाई?"

"काटा भरला, दादा. सामान जवळ न्हाय. घाईत निघालो."

"कुठून येताय?"

"बार्शीहून. गाव हितून तीन कोस हाय. अम्मी गेली रात्री. जोहरच्या नमाजनंतर मिट्टी द्यायची हाय. तोंड बघायला मिळावं म्हनून पहाटे निघालो."

अकरा वाजायचे होते. जोहरची नमाज दीडच्या आसपास. चालत निघाला असता तरी तो पोचला असता. हा हिशेब मला तेव्हाच कळला होता, आणि त्यालाही. तो एक पाय रस्त्याकडं ठेवून उभा होता. मी म्हणालो, "चालत कशाला जाता? मी हाय ना. पाव घंट्यात उडवतो."

तो जरा थांबला. मी कोट काढून फांदीला अडकवला होता. माणूस कोट काढून तयार असताना न्हाय कसं म्हणायचं? त्यानं चाक धरलं.

टायर काढायला मला अर्धा तास लागला. भोक शोधायला ट्यूब ओली करावी लागते. माझ्या फिरकीच्या तांब्यात पाणी होतं, पण मला अजून पुष्कळ जायचं होतं. त्याच्याजवळ टिनाच्या डब्यात होतं ते घेतलं. सगळं संपलं तेव्हा बुडबुडा दिसला. मी काचकागद घासला, सोल्युशन ट्यूबला लावलं, बोटांना लावलं, धोतराला लावलं. सोबत त्याला वाशीला सासरी धोंड्याच्या जेवणाला चाललोय हे सांगितलं, आणि रबराबद्दल माहितीही देत होतो. युरोपात लढाई चालू असल्यानं इथं ट्यूबची काय अवस्था झालीय, वगैरे. तो "हां, हां" म्हणत होता आणि सावली कुठवर सरकली ते बघत होता.

मी ट्यूब परत टायरात घालू लागलो, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. अगदी हळू.

"दादा, टायरीच्या आतून एकदा हात फिरवा."

मी थांबलो. वर बघितलं.

"भाई, पंक्चर मी काढतोय का तुम्ही?"

"तुमीच, तुमीच," तो म्हणाला. "आपलं सहज म्हनलं."

तेवढ्यात मागून घंटी वाजली. भूमच्या बाजारात खवा टाकून एक खवेवाला रिकामी डालगी कॅरिअरला बांधून परत चालला होता. पाय टेकून म्हणाला, "काय झालं वो?"

मी सांगितलं. आई वारल्याचंही सांगितलं, कारण त्यामुळं माझं काम मोठं दिसत होतं.

खवेवाला त्या माणसाला म्हणाला, "मग हितं काय करताव? चला, म्होरं दांडीवर बसा. त्याच गावावरनं जायचंय मला. सायकल राहू द्या हितंच, कोन नेतंय फुटकी?"

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी "जा" म्हणावं म्हणून तो वाट बघत होता. मी गुडघ्यावर बसलेलो, कोपरापर्यंत काळा, कपाळाला घाम. एवढं करून आता हा दुसऱ्याच्या दांडीवर बसून जाणार? मी खवेवाल्याला म्हणालो, "झालंच की आता. हवा भरायची राहिलीय. तुम्ही व्हा म्होरं."

"तुमीबी असंच म्हनता का?" खवेवाल्यानं त्याला विचारलं.

"यांनी लई तकलीफ घेतलीय," तो म्हणाला. "आसं सोडून कसं जाऊ?"

खवेवाला गेला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत तो माणूस त्याच्याकडं बघत होता. मी पंप जोडला. एकशेवीस वेळा पंप मारला, मोजून. सायकल सुलटी केली. तो बसला, वीसेक पावलं गेला, आणि चाक परत फुसकन बसलं. काटा टायरातच होता. त्यानं उतरून, मला न विचारता, पहिल्यांदाच स्वतःचं बोट आतून फिरवलं आणि काटा काढला. बाभळीचा, इंचभर. माझ्या हातावर ठेवला. कुत्सितपणे नाही, मला बघायचा असेल म्हणून.

आणि सोल्युशनची नळी संपली होती. निम्मं माझ्या धोतरावर होतं.

साडेबारा वाजून गेले होते. तेव्हा त्यानं मागितलं. आधी मागितलं नव्हतं, हे मी इथं लिहून ठेवतो.

"दादा, तुमी वाशीलाच चाललाव. मला मागं घेता का? गाव वाटंतच लागतं."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "घेतलं असतं भाई, पण लढाईचे दिवस. दोघांच्या वजनानं ट्यूब बसली तर नवी कुठून आणू? आन् सायकल सासऱ्यांनी दिलेली. फुटक्या चाकानं सासरच्या दारात कसं जाऊ?"

"बराबर हाय," तो म्हणाला. "ट्यूब मिळत न्हाय." मग वाकून म्हणाला, "तुमाला तकलीफ दिली." त्यानं सायकल बाभळीला टेकवली आणि पळत सुटला.

कोट घालून, टोपी नीट करून मी निघालो. थोड्याच वेळात त्याला गाठलं. ओलांडताना सवयीनं घंटी वाजवली. तो रस्ता सोडून बाजूला झाला.

त्याच्या गावाजवळ कब्रस्तान अगदी सडकेला लागून आहे. वीसेक माणसं जनाजा खाली ठेवून सावलीला उभी होती. एक तरणा माणूस धावत सडकेवर आला आणि त्यानं माझं हँडल धरलं.

"दादा, वाटंत कुनी सायकलवाला लागला का? बार्शीहून यायचाय. माझा थोरला भाऊ. येत आसंल तर थांबतो आमी."

माझ्या तोंडात "येतोय" आलं होतं. पण येतोय म्हटलं असतं, तर त्याचा पुढचा प्रश्न काय असता ते मला दिसत होतं. मग तुमच्या मागं का न्हाय बसला?

"न्हाय बा," मी म्हणालो. "वाटंला कुनीच न्हाय."

त्यानं हँडल सोडलं. मागं वळून लोकांना हातानं खूण केली. मी पायंडल मारलं. मागं जनाजा उचलल्याचा आवाज आला.

मग वाशी, मेव्हणी, रॉकेलचा बोळा, धोंडा. ते तुम्हाला माहीत आहे.

पावसाळ्यानंतर एकदा कामानिमित्त बार्शीला गेलो होतो. पेठेतल्या खड्ड्यात चाक वाकडं झालं. सायकल एका दुकानात नेली. मालक म्हणाला, "आमचा मिस्त्री करंल, हात लई चांगला हाय त्याचा." आणि आतून मिस्त्री आला. पस्तिशीचा.

त्यानं आधी सायकल ओळखली, मग पंप, मग मला. स्टूल पुढं केलं. चाक काढून तारा आवळू लागला. एक एक तार बोटानं वाजवून बघत होता. माझ्यानं गप्प बसवेना.

"किती वर्षं झाली या कामात?"

"अकरा."

"मग त्या दिवशी तुम्हीच का न्हाय काढलं पंक्चर?"

"पंप तुमचा होता न्हवं?"

चाक फिरवून त्यानं डोळा लावला. अजून जरा हलत होतं. मी विचारलं, "भेट झाली का आईची?"

"न्हाय. मिट्टी देऊन मानसं परतत होती, ती वाटंत भेटली." तार आवळली. "भाऊ म्हनला, घंटाभर थांबलो आसतो. एका सायकलवाल्याला इचारलं, तो म्हनला वाटंला कुनी न्हाय. नवी सायकल होती म्हनं."

मी स्टुलावर बसलेलो. नजर चाकावर. तोही वर बघत नव्हता. चाक सरळ झालं, त्यानं ते बसवलं, नट आवळले.

"तुमी दावतीला येळंवर पोचलात न्हवं?"

"पोचलो."

"बरं झालं," तो म्हणाला. "दोघांतल्या एकाचं तरी."

मी दांडीवरचा पंप सोडवला आणि त्याच्यापुढं धरला. म्हणालो, "हा ठेवा तुम्ही. घ्याच." आग्रह करणं मला कधीच जमलं नाही.

तो आत गेला, दुकानाचा पंप घेऊन आला, बसून दोन्ही चाकांत हवा भरली, अंगठ्यानं दाबून बघितली. मग माझ्या हातातल्या पंपाकडं बघून म्हणाला, "दुकानात हाय की. तुमचा लावा जागेवर. वाटंत कुनाला लागंल."

मी तो जागेवर लावला.