आजारपणाची कॅसेट

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते. पिशवीत तिच्यासाठी शिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांचा डबा होता आणि पर्समध्ये एक पेनड्राइव्ह. तिच्या शेजारच्या काकू फोनवर एवढंच म्हणाल्या, "सावकाश ये बाई. आता घाई नाई." त्यानंतरही मी गाडीचीच वाट पाहत राहिले. गाडी आली, जागा मिळाली, मूर्तिजापूर मागे पडलं, आणि डबा अजून गरम आहे का, हे मी मधूनमधून हात लावून पाहत होते. कुणासाठी, ते तेव्हा सुचलं नाही... घरी पोचले तेव्हा विहारातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून ओसरीवर बसल्या होत्या. मग मात्र मी डबा मांडीवर घेऊन त्यांच्यातच बसले.

शीलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. अकोल्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ती ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "तवा लाइन बिझी होती." आमचं घर बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात. तिथली चौथीपर्यंतची शाळा संपली तसं वडिलांनी मला तिच्याकडे आणून सोडलं, आणि कॉलेज संपेपर्यंत मी तिच्याच दोन खोल्यांत वाढले. लाड करणं तिच्या स्वभावात नव्हतं. बोलणं सडेतोड, कामाला वाघ, आणि माझ्या वेण्या अशा करकचून घालायची की डोळे ताणले जायचे. पण मी आजारी पडले की ही बाई पार बदलायची. रजा टाकायची, माझी गादी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर आणायची, पातळ कण्या शिजवायची आणि कपाटातून साडीत गुंडाळलेली ती कॅसेट काढायची.

कॅसेटवर जुनी अंतराळ मालिका होती. दूरदर्शनवर लागायची तेव्हा एक्सचेंजमधल्या कुणाकडून तरी तिनं ती उतरवून घेतली होती, आणि त्या कॅसेटपायी पुढे जुना व्हीसीआरही घेतला. वाट चुकलेलं एक यान आणि घरी परतायला धडपडणारी त्यातली माणसं, एवढीच गोष्ट. भिंती पुठ्ठ्याच्या, हे मला तापातही कळायचं. दार सरकलं की अख्खी भिंत हलायची. आत्याला त्याचं काही नव्हतं. तिचं लक्ष असायचं ते कानाला हेडफोन लावून बसलेल्या यानातल्या बाईकडे. "पाह्य, बटन दाबतच नाई अन् हॅलो हॅलो करून राह्यली. आमच्या एक्सचेंजात असती तं दुपारपर्यंत मेमो भेटला असता तिले." मी हसले की ती माझ्या कपाळावर हात ठेवायची. ताप किती आहे ते हातालाच कळतं, असं तिचं म्हणणं. तो हात मला आजही कपाळावर जाणवतो.

तिचा एक नियम होता. शेवटचा भाग आजारी माणसानं पाहायचा नाही. तांदळाच्या डब्याचं बूड तिनं कधी दिसू दिलं नाही, शेवटची मूठ राहिलीच पाहिजे. घरात कुठलीही गोष्ट "संपली" म्हणायची चोरी, "वाढली" म्हणायचं. तेच तिनं मालिकेला लावलं होतं. यान घरी पोचतं की नाही, हे कळायच्या आधल्या भागाला ती उठायची आणि व्हीसीआर बंद करायची. मी रडायचे, पाय आपटायचे. "बरी होय, मंग पाहू," ठरलेलं उत्तर. गंमत अशी की कॅसेट फक्त आजारपणात निघायची. बरी झाले की शाळा, वेण्या आणि पाढे. धडधाकट माणसानं दिवसा टीव्हीपुढे बसणं तिला मंजूर नव्हतं. त्यामुळे शेवटचा भाग कधी पाहिलाच गेला नाही. मी नाही, आणि तिनंही नाही. मी लग्न होऊन अमरावतीला आले, व्हीसीआर भंगारात गेला, कॅसेटला बुरशी लागली. ते यान तसंच वाट चुकलेलं राहिलं.

या वर्षी आत्याच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी तिला घरीच न्या म्हणून सांगितलं. ते का सांगतात हे मला कळलं होतं. तिला काय सांगावं, ते कळत नव्हतं. त्याच सुमारास माझ्या मुलानं ती मालिका इंटरनेटवर शोधून पेनड्राइव्हवर घालून दिली. मी दर शनिवारी अकोल्याला जायचे. तिची गादी टीव्हीसमोर आणायचे, कण्या शिजवायचे, एकेक भाग लावायचे. ती आता चमचाभरच खायची. पण हेडफोनवाली बाई आली की पुटपुटायची, "अजून बटन दाबलं नाई हिनं."

शेवटून दुसरा भाग संपला तशी मी सवयीनं रिमोट उचलला. आत्या म्हणाली, "लाव."

"काय?"

"शेवटचा. लाव आज."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर जे बोलले नव्हते आणि मला जे बोलता येत नव्हतं, ते तिनं असं सांगून टाकलं. मी म्हटलं, "बरी हो, मग पाहू."

"माह्याच गोष्टी मलेच शिकवतं काय?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "काहून रडून राह्यली? लाव नं बाई."

मी लावला. आम्ही दोघी पाहत राहिलो. अर्धा भाग झाला असेल. यानाच्या खिडकीत एक निळा ठिपका दिसला, सगळे खिडकीशी गोळा झाले, आणि कुणीतरी विचारलं, हेच का आपलं घर? तेवढ्यात आत्यानं माझा हात दाबला.

"थांबव."

"दुखतंय का?"

"नाई. एवढं राहू दे... तुह्यासाठी. मी झोपतो आता."

ती शनिवारची दुपार. पुढच्या शनिवारी मी फलाटावर होते.

सगळे विधी आटोपून अमरावतीला परतले आणि तापानं आडवी झाले. पुढच्या खोलीत गादी घातली, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि पहिल्या भागापासून सगळं पाहिलं. कपाळावर हात ठेवायला कुणी नव्हतं म्हणून थर्मामीटर वापरला. शेवटून दुसऱ्या भागाला उठले आणि टीव्ही बंद केला.

ताप उतरून आता बरेच दिवस झाले. मी शाळेत शिकवायला जाते, स्वयंपाक करते, पेनड्राइव्ह टीव्हीला तसाच आहे. नवरा परवा म्हणाला, "अगं, बरी झालीस ना, मग तेवढा भाग पाहून टाक."

मी म्हटलं, अजून बरं वाटत नाही.