भाकरी नरम राहील एवढं अंतर

आमच्या घरी लेक कुठं द्यायची हे भाकरी ठरवते. पहाटे थापलेली ज्वारीची भाकरी बांधून निघायचं आणि ती कडक व्हायच्या आत लेकीच्या दारात पोहोचायचं. त्यापलीकडचं स्थळ बघायचंच नाही. माझ्या आईनं मला नेकनूरहून चौसाळ्याला दिली ती अशीच.

तर माझ्या धाकट्या भावानं माझ्या लेकीसाठी दिल्लीचं स्थळ आणलं. मुलगा आमच्या नारायणगडाकडचाच, नोकरीला तिकडं.

"लांब न्हाई, अक्का. विमानानं दोन तास."

दोन तासांत माझा बीडचा बाजारसुद्धा उरकत नाही, आणि हा दिल्ली सांगतो. पाणी कुठंतरी मुरत होतं. मुलाकडच्यांनी ह्याला फितवलंय, अशी माझी खात्रीच झाली.

घर बघायला जायचं ठरलं. आमच्या ह्यांना किराणा दुकान सोडवेना, म्हणून मी आणि भाऊ. पहाटे मी भाकऱ्या थापल्या. एरवी उन्हं आल्याशिवाय न उठणारी लेक त्या दिवशी आपणहून उठली आणि तिनं त्या फडक्यात बांधून दिल्या.

जीपनं संभाजीनगर गाठेस्तोवर ऊन चढलं. विमानतळावर इतका वेळ बसवून ठेवतात कशाला, असं विचारलं तर भाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. तपासणीवाल्या बाईनं गाठोडं सोडून भाकऱ्यांकडं पाहिलं, मी तिच्याकडं. दोघींचाही एकमेकींवर विश्वास नव्हता. विमान मात्र खरंच दोन तासांत उतरलं. मला ते आवडलं नाही.

पुढं दिल्लीच्या गर्दीतून मुलाच्या घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगा पाया पडला. चहाच्या आधी मी गाठोडं सोडलं आणि भाकरी मोडली. काटकन आवाज आला.

"कुठं गेले तुझे दोन तास?" मी मुलादेखतच भावाला विचारलं.

"मला का म्हून बोलतीस, अक्का? तुझ्या लेकीनंच सांगितलं, मामा, आईला विमानाचेच तास सांगा म्हून."

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. "मामाला खोटं का म्हून बोलायला लावलंस?"

"खोटं कुठं हाय, आई? दोनच तास हायेत." मग म्हणाली, "तुझ्या भाकरीच्या टप्प्यात समदी आपलीच गावं येतात. मला लांब जायचं हाय."

भावावर, मुलाकडच्यांवर, विमानावरसुद्धा संशय घेतला होता मी. पोरीवर घ्यायचं सुचलंच नाही.

आत आले तर मुलगा ती कडक भाकरी गरम दुधात कुस्करून खात होता. माझ्यावर छाप पाडायला खात असेल, असंही वाटून गेलं. त्याची वाटी रिकामी होईपर्यंत मी बघत उभी राहिले. मग फडक्यातली दुसरी भाकरी काढून त्याच्या वाटीत मोडून घातली.