आईच्या खांद्यावरचा हात

माझ्या थोरल्या भावानं मला फसवलं. आईच्या फोटोतला, तिच्या खांद्यावरचा माझा हात त्यानं मला न विचारता काढून टाकला.

फोटो मी काढला होता, शिराळ्याजवळच्या आमच्या गावी, घरीच. भाऊ फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आला, तेव्हा सगळ्यांचा एक चांगला फोटो काढायचं ठरलं. तालुक्यातून फोटोग्राफर बोलावला. मी सांगलीत विहिरीवरच्या जुन्या मोटारी घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव कबूल करणं माझ्या जिवावर येतं. फोटोग्राफरशीही मी इतकं ताणलं, की तो अर्धा चहा तसाच ठेवून गाडीला किक मारून निघून गेला.

"झालं समाधान?" भाऊ म्हणाला. "आता तूच काढ."

"काढतो की. त्यात काय अवघड हाय?"

अवघड होतं. ओसरीच्या दोन खांबांना निळी चादर बांधली, तर घडीच्या रेघा दिसतात म्हणून बायकोनं ती सोडून परत इस्त्री केली. मोबाइल पाण्याच्या पिंपावर विटेला टेकवून उभा केला आणि दहा सेकंदांचा टायमर लावला. बटण दाबायचं, पळत जायचं आणि खुर्चीवर बसलेल्या आईच्या मागं उभं राहायचं. पहिल्या फोटोत माझी पाठ आली. दुसऱ्यात भावाचे डोळे मिटलेले. तिसऱ्या वेळी मोबाइलच आडवा झाला.

"आवं, जरा जपून, पाय मोडून घ्याल," बायको ओरडली.

चौथ्या वेळी मी धापा टाकत पोचलो आणि तोल सावरायला आईचा खांदा धरला. तिनं मान वळवली नाही. फक्त आपला हात वर केला आणि माझ्या हातावर ठेवला.

"लय पळतोस," ती म्हणाली. "आता थांब हितं."

तेवढ्यात फोटो निघाला.

तरुणपणी मी आईची दुभती म्हैस तिला न विचारता बाजारात विकली होती. माझा धंदा त्या पैशांवर उभा राहिला. वर्षभरात तिच्या गोठ्यात दुसरी म्हैस आणून बांधली. आईनं तिला वैरण घातली, तिची धार काढली, पण माझ्याशी मात्र त्यानंतर ती कामापुरतंच बोलायची. मी माफी मागितली नाही. मला ती मागता येत नाही. तिनंही कधी विषय काढला नाही. त्यामुळं तिनं मला माफ केलं, याची खूण म्हणून माझ्यासाठी तो एक फोटोच होता.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. तेराव्याला भावानं तोच फोटो मोठा करून, चौकटीत बसवून मांडला होता. आई एकटी, मागं निळा रंग, गळ्यात हार. उजवा खांदा सपाट. पदराचा काठ तिथं तुटून पुढं वाकडा जोडलेला. माझा हात पुसायचा, तर तिचाही पुसावा लागला होता.

"दादा, हात कुठं हाय?"

"जित्या माणसाचा हात हाराखाली ठिवत्यात व्हय? तुझ्याच भल्यासाठी काढला, गड्या."

"माझं भलं मला इचारायचं हुतंस."

"हळू बोल रं. लोकं बघत्यात."

तेव्हा मी त्याच्या मोबाइलवर पाठवलेला मूळ फोटो मागितला, तर तो पुसून टाकला म्हणाला. नवा चांगला झाल्यावर जुना कशाला ठेवायचा? माझा मोबाइल तर मी केव्हाच बदलून घेतला होता. दुकानदाराशी तासभर घासाघीस केली आणि जुन्याचा भाव वाढवून मिळाल्याच्या खुशीत आतले फोटो काढून घ्यायचे विसरलो. ती चूक माझी. म्हशीचीही माझीच.

भावानं फौजेत ऐन तरण्या पोरांच्या फोटोंना हार घातलेले पाहिले आहेत. माझा हात त्या हाराखाली बघून तो घाबरला असेल, हेही मला समजतं. पण गावी गेलो की मी त्या सपाट खांद्यासमोर उभा राहतो आणि समजूत तिथंच संपते.

दादा, माझा हात काढलास, ते मी सोडून देईन. पण आईनं आपणहून वर केलेला हात पुसायचा अधिकार तुला कुणी दिला? याचं उत्तर मला तुझ्याच तोंडून पाहिजे.