बाजूला ठेवलेली चिठ्ठी

मुलाखत संपत आली की प्रेक्षकांच्या चिठ्ठ्या हातोहाती पुढे सरकत मंचापर्यंत येतात. हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. कला आणि सामाजिक न्याय या विषयावर कलावंतांना बोलते करणे हे माझे काम. कोणती चिठ्ठी वाचायची, हे ठरवणेही माझ्याकडेच.

परवा समोर एक चित्रकर्ती होत्या, दलित वस्तीत वाढलेल्या आणि तिथलीच माणसे रंगवणाऱ्या. एका चिठ्ठीत विचारले होते, "तुमची चित्रे ज्यांच्या दिवाणखान्यात लागतात, ते तुम्हाला कधी जेवायला बोलावतात का?" मी ती फाइलखाली सरकवली. बाईंना संकोच वाटेल, असे मनाला समजावले. त्यांच्याकडूनच घेतलेले एक चित्र आठ वर्षे माझ्याही भिंतीवर आहे आणि त्या एकदाही माझ्या घरी आलेल्या नाहीत, हे मात्र मनाला आठवू दिले नाही.

नंतर चहा घेताना त्यांनी विचारले, "सर, ती खाली सारलेली चिठ्ठी काय होती?"

मी वाचून दाखवली. त्या हसल्या.

"वाचायची होती की! मी माइक तुमच्याच हातात दिला असता."

इतरांना प्रश्न विचारण्याच्या आड लपून राहण्याचाही शीण येतो. तो सारा त्या क्षणी अंगावर आला. "रविवारी घरी या," हे शब्द ओठांपर्यंत आले. पण आता ते बोलावणे त्यांच्यासाठी नव्हे, माझ्या अपराधी मनाच्या सुटकेसाठी झाले असते. म्हणून मी गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणेही मला सोयीचेच वाटले.