पाठ टेकायला जागा

घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या तेशी गावात माणूस गेला की पाद्र्याच्या आधी ओक्पोटीला निरोप जातो. शवपेट्या करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. मासेमाराला माशाच्या आकाराची पेटी, ड्रायव्हरला बसच्या. एका दंतवैद्याची पेटी तर त्याने किडक्या दाढेसारखी केली, आणि रडायला आलेली माणसं पोट धरून हसली. परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयाने त्याच्याकडून पेटीएवढं वांगं करवून नेलं. त्या पेट्यांना आतून कापड शिवून लावायचं काम माझं, तीस वर्षं. त्याच्या घरातही माझी ऊठबस. घरात बसायला धड एक खुर्ची नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याची बायको देदेई चौकात केंकी विकायची. मक्याचं पीठ आंबवायचं, गोळे कणसाच्या सालीत गुंडाळायचे आणि उकडायचे. चुलीवरचं पातेलं एवढं उंच की बसून हात पोचत नसे. पहाटेपासून बाई उभीच. ताप येऊन तीन दिवसांत गेली बिचारी.

ओक्पोटीने तिच्यासाठी केंकीच केली. दुसरं काय करणार? हा भला मोठा गोळा, सालीची रेघ न् रेघ कोरलेली. बाजारातल्या बायका त्यावरून हात फिरवत हसल्या आणि रडल्या. घराण्यातल्या वडीलधाऱ्यांनी पेटीपुढे जमिनीवर दारू ओतून पूर्वजांना सांगितलं, देदेई यात बसून येतेय. एकदा तसं सांगितलं की पेटी बदलत नाही आमच्यात.

गुरुवारी कुमासीहून मुलगी आली, त्सोत्सो. पेटी बघून ती हसलीही नाही आणि रडलीही नाही.

"आईला केंकीच्या वासाचा वीट आला होता, बाबा," ती म्हणाली. "तिने तुमच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. पातेल्यापाशी बसता येईल अशी उंच खुर्ची, पाठ टेकता येईल अशी."

खरं होतं ते. दरवर्षी मागायची, आणि हा म्हणायचा, हातातला खेकडा होऊ दे, मग करतो. खेकडा झाला की विमान यायचं.

ओक्पोटी धावत वडीलधाऱ्यांकडे गेला, त्यांच्या पायांवर पडला. पेटी बदलू द्या, शनिवारपर्यंत दुसरी करतो म्हणाला. माणसं वाईट नाहीत, पण पूर्वजांना काय सांगायचं, चुकून बोललो? त्यांनी मान हलवली ती नाहीच म्हणायला. तो परत आला आणि भुशात बसून कपाळ पिटायला लागला. अख्ख्या गावाच्या मनातलं ओळखलं मी, म्हणाला, आणि हिचं एवढंसं कळलं नाही.

मला दया यायला हवी होती, पण आला तो राग. मी म्हटलं, "कळलं नाही कसं? ऐकू येत होतं तुला." मग माझीच मला लाज वाटली. मलाही सांगायची ना ती, तू जरा आठवण करून दे त्याला. मी किती वेळा दिली? एकदाही नाही.

शुक्रवारी सकाळी त्याने मला बोलावून पेटीतलं कापड उसवायला लावलं. पूर्वजांना केंकी सांगितलीय, म्हणाला, बाहेरून केंकीच राहील. आत काय असावं हे कोणी बोललेलं नाही. मग करवत घेऊन तो स्वतःच आत उतरला. फळी हातात धरून थांबला आणि माझ्याकडे बघेचना.

"तिच्या पाठीचं माप सांग," म्हणाला.

तिचे झगे मीच शिवायचे. चाळीस वर्षांचा संसार, आणि बायकोच्या पाठीचं माप शिंपिणीच्या वहीत. मी दिलं. दिवसभर त्याने रंधा मारला, हातांची सालं निघाली तरी थांबेना. तिरकी पाठ, हात ठेवायला दोन दांडे, मऊ उशी. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गंमत नसलेली वस्तू केली असेल. वरून मी तिच्याच झग्याचं निळं कापड शिवलं.

शनिवारी आम्ही देदेईला आत ठेवलं. दमून येऊन टेकावं तशी ती बसली. त्सोत्सो आईचे कपडे नीट करायला वाकली आणि तिचा हात पाठीमागच्या फळीला लागला. तिने ती फळी चाचपली, दांडे चाचपले, मग बापाकडे पाहिलं.

"एका दिवसात झाली?" तिने विचारलं.

ओक्पोटीच्या हातून झाकण लागेना. ते शेवटी मीच लावलं.