सोन्यावरचं बोट

कारभारी आमच्या नगरच्या कॉलेजात फिजिक्सचे शिपाई. तिसगावहून पहिल्या एसटीनं येत आणि माझ्या आधी लॅब उघडत. तेवीस वर्षांत त्यांच्या हातून साधं बीकर फुटलं नव्हतं. म्हणूनच त्या दिवशी मला जास्त राग आला.

१९९६ची खंडेनवमी. दसरा झाला की पुण्याहून माझे गाइड येणार होते. प्रयोगाचा निकाल दाखवता आला नाही, तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. काम असं, की काचेच्या पट्टीत वरच्या अंगाला प्रकाशासाठी वाट करायची आणि त्या वाटेवर केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढं पातळ सोनं चढवायचं. प्रकाशाची चाल आणि सोन्याच्या पृष्ठभागावर उठणाऱ्या लाटेची चाल जुळली, की सोनं प्रकाश गिळतं आणि मीटरचा काटा पडतो. मग पट्टीवर सोडलेलं पाणी जरा बदललं तरी काटा सांगतो. चार वर्षांत पाण्याखाली माझा काटा एकदाही पडला नव्हता, आणि आता पट्टी एकच उरली होती.

मी दहाला आले, तर लेथपासून तराजूपर्यंत सगळीकडे हळदकुंकू आणि झेंडू. माझ्या पट्टीवर, ऐन सोन्यावर, तेलात कालवलेल्या हळदीचं बोट.

"कारभारी, हे काय केलंत?"

"आवजारं पुजली, मरियाबाई. ही सोन्याची, म्हनून हिला पयली."

मी चर्चला जाणारी, तरी दरवर्षी त्यांच्या हातचा प्रसाद खाल्लेला. त्या दिवशी मात्र तोल सुटला. "तुमच्या बोटानं माझी चार वर्षं खाल्ली! पुन्हा हे थोतांड लॅबमध्ये दिसलं, तर प्राचार्यांना लेखी देईन."

त्यांचा चेहरा उतरला. स्पिरिटचा बोळा घेऊन ते पुढे आले. "पुसून देतो."

"हात लावू नका!" घासलं असतं तर सोनंच निघालं असतं. मी टीपकागदानं तेल टिपलं. एक तकाकी तेवढी राहिली. नाइलाजानं पट्टी लेसरपुढे लावली आणि पाणी सोडलं.

सत्तरवरचा काटा घसरला आणि बारावर थांबला. साखरेचं पाणी सोडलं, तसा पुन्हा हलला.

मी आकडेमोडीची वही उघडली. पाण्याखाली सोन्यावरची लाट जोडीतल्या तरण्या बैलासारखी पुढे पळत होती, आणि त्या तेलाच्या पातळ थरानं तिला मागे ओढलं होतं. माझ्या सगळ्या आकडेमोडीत तो वरचा थरच नव्हता.

गाइड खूश झाले. पुढे तेलाच्या जागी पक्का थर आला आणि मी डॉक्टर झाले. कारभारींची माफी मागितली, तेव्हा ते "असू द्या" म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला लॅब लख्ख पुसलेली होती, पण कुठे हळदीचा ठिपका नव्हता. पूजेचं ताट कोपऱ्यात झाकून ठेवलेलं.

"पूजा नाही केलीत?"

"न्हाई बाई. हात उचलत न्हाई."

मी ताट उघडलं, हळदीत बोट बुडवलं आणि नव्या पट्टीकडे वळले.

कारभारींनी झटकन माझं मनगट धरलं. "सोन्यावर न्हाई, बाई. कडंला लावा."